काचेआडचं कासव

...निळ्या मण्यांच्या पाठीवर एकच मणी पिवळा होता, आणि तो चुकून ओवला गेलेला नव्हता, मुद्दाम ओवलेला होता. डेल्फीनला ते पाहताक्षणी कळलं. तळहातात मावेल एवढं कातड्याचं कासव, वर दिवा, पुढे काच, आणि पायाशी पाटी – लहान मुलाचं खेळणं. खेळणं म्हणे! असल्या कासवात बाळाची वाळलेली नाळ शिवून ते पाळण्याला बांधतात, म्हणजे मूल जन्मभर ठिकाणावर राहतं, नाहीतर नाळ शोधत हिंडतं... हे आपल्या लकोटा जमातीतलं शेंबडं पोरही सांगेल. या शहाण्यांनी कुणाला विचारलंच नसेल.

हे संग्रहालय ज्यात थाटलं होतं, तो गोऱ्या शिपायांचा किल्ला तरी कुठे खरा होता? मूळचा केव्हाच जळाला. हे नवे ओंडके, नवी बराक, दारातली तोफही नवीच. जमातीच्या राखीव वस्तीवरच्या म्हाताऱ्यांची सहल बसने इथे आणली होती. आत शिरताना तिची नणंद अ‍ॅग्नेस म्हणाली होती, "आपल्या लोकांना आत घेतलं की दार लावायची सवय आहे यांना. वहिनी, तू दाराशी उभी राहा, मी संडासला जाऊन येते." सगळी बस हसली होती. डेल्फीनही हसली होती, आणि मग एकटीच या काचेपाशी येऊन खिळली होती.

काच... तिचा मुलगा लायलही असाच काचेच्या पेटीत होता, सातव्या महिन्यात जन्मलेला, शहरातल्या इस्पितळात, तीन आठवडे. नाळ तिथेच गळून पडली. तिने मागितली तेव्हा नर्स सहज म्हणाली, "ती? टाकली की." घरी सासू नाळेची वाट पाहत होती. मी तेव्हाच खरं बोलले असते तर – पण डेल्फीन बोलली नाही. तिने एका रात्रीत कासव शिवलं, आत नुसता सेजच्या रानझुडपाचा वाळका पाला भरला, आणि हीच नाळ म्हणून सासूच्या हातात दिलं. लायल चालायला लागला तसा घरातले खण उपसायचा, पेट्या उघडायचा. काय शोधतोस रे, विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. मोठा झाल्यावर डेन्व्हर, मग तेलाच्या विहिरी, मग नुसतीच पत्रं, आणि आता नऊ वर्षं तीही नाहीत.

अ‍ॅग्नेस शेजारी येऊन उभी राहिली. तिने पाटी वाचली, नाक मुरडलं.

"रिकामं असणार हे," ती म्हणाली. "दोन करायच्या ना बायका. एक खरं, एक भुताखेतांना चकवायला. खरं कोण मागे टाकून जाईल?"

"पळावं लागलं तर?"

"हं." अ‍ॅग्नेस काचेवर वाकली. "आई असती तर सांगितलं असतं. तिला चिमटीत धरलं की कळायचं, भरलेलं की रिकामं."

सासूची ती चिमूट... त्या पहिल्या दिवशी कासव किती वेळ तिच्या दोन बोटांत होतं! मग तिने स्वतःच्या हाताने ते पाळण्याला बांधलं होतं आणि मरेपर्यंत त्याबद्दल अक्षर काढलं नव्हतं. फक्त लायल खण उपसायला लागला की ती त्याच्याकडे पाहायची नाही. ती डेल्फीनकडे पाहायची. इतकी वर्षं डेल्फीनला वाटत होतं, सासू पोराला आवर म्हणतेय.

"लायलची नाळ तुझ्याकडे आहे, ते एक बरं," अ‍ॅग्नेस म्हणाली. "हिंडून हिंडून येईल घरी."

यावर दरवेळी डेल्फीन लगेच 'येईल' म्हणायची; आज तिला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं तर अ‍ॅग्नेस त्याची वाट पाहणं सोडेल, आणि मग या जगात वाट पाहणारी एकटी तीच उरेल. तिला भीती वाटली, उघड, लहान मुलासारखी. काचेवर तिच्या तळव्याचा ओलसर ठसा उमटला होता, बरोबर कासवावर.

"वन्सं," ती म्हणाली, "लायलच्या कासवात..."

अ‍ॅग्नेसने थट्टा केली नाही. ती काचेकडेच पाहत राहिली.