पाणी जुनं होईपर्यंत

नागभीडच्या नळयोजनेवर मला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. उंच टाकीत ब्लीचिंग पावडर घालायची, मग नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की पावडर शाबूत, गाव निर्धास्त. पाण्यात काही जिवंत दिसलं की माझं डोकं फिरायचं. चहात मुंगी निघाली तर मी कप नाही, अख्खी किटली ओतायचो.

त्याच सवयीनं आदल्या वर्षी माझ्या हातून घोळ झाला. माझी बायको कांता हिनं बाजारातल्या गुणाबाईकडून आठ चिमुकल्या जिवंत मासोळ्या आणून बरणीत ठेवल्या होत्या. पाणी स्वच्छ राहावं म्हणून मी गुपचूप चिमूटभर पावडर टाकली. संध्याकाळी आठही उताण्या. वर मी सांगून मोकळा झालो, "गुनाबाईनं बिमार मासोळ्या देल्ल्या." दर रविवारी विहारात पंचशील म्हणणारी आमची कांता मासोळीचा रस्सा चवीनं ओरपते, पण त्या आठांसाठी ती दोन दिवस जेवली नाही. ते खोटं मला वर्षभर टोचत राहिलं.

म्हणून शहाऐंशीच्या होळीनंतर मी बिरजू वेल्डरकडून चांगली चार फुटी काचेची टाकी करून घेतली. कांता टाकीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "यातली एक बी मेली, तं पुन्हा घरात मासोळी येऊ देनार नाई." आणि मासोळ्यांसाठी मला गुणाबाईकडेच धाडलं. जिच्यावर आळ घेतला तिच्याच दारात जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

गुणाबाई हसली. "टाकी कालची अन् मासोळ्या आज? भाऊ, नवी बोडी खोदली तं आमी पयले जुन्या बोडीचा गाळ टाकतो. तुमी बी टाका, त्यातले बारके जीव पान्यातली घान खाते. मंग रोज दोन शितं भात. पान्याले जेवाले घाला. पानी जुनं झालं का मीच येईन वास घ्याले."

नळाचं पाणी चार दिवस उघडं ठेवून मी पावडर उडू दिली, तिच्या बोडीतला, म्हणजे मासोळ्यांच्या छोट्या तळ्यातला, ओंजळभर गाळ टाकला आणि पाण्याला भात भरवायला लागलो. पाणी दुधासारखं गढूळ झालं, मग त्याला वास सुटला. शेजारचा मुखरू रोज कुंपणावरून विचारी, "श्रीहरीभाऊ, पानी पोसून राह्यले का?" लोकांच्या घरी म्हशी, माझ्या घरी पाणी.

तीन आठवडे कसाबसा तगलो. मग कांता दोन दिवसांसाठी कुरखेड्याला माहेरी गेली आणि माझा हात पावडरीच्या डब्यात गेला. अर्धा चमचा टाकली.

ती परतली तेव्हा पाणी लख्ख झालं होतं, वास गेला होता. ती हातातली पिशवीही न ठेवता टाकीसमोर बसली. "किती सुंदर झालं पानी," म्हणाली. "आता आना मासोळ्या."

मी मागच्या दारी जाऊन नळीत पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. पिवळंजर्द. अठरा वर्षं तो रंग पाहून मला बरं वाटलं होतं, त्या दिवशी मी नळी घाईघाईनं मातीत ओतली. मासोळ्या आणल्या तर मरणार होत्या, नाही आणल्या तर कारण सांगावं लागणार होतं. गुणाबाईचं नाव पुन्हा पुढे करणं सोपं होतं. पण माझीच मला लाज वाटली.

जेवताना बोललो. "कांता, पानी मेलं. मीच पावडर टाकली." तिनं कालवलेला भात तसाच ठेवला. मी थांबलो नाही. "अन् मागच्या साली बी मीच टाकली होती. गुनाबाईचा दोष नव्हता."

"मालूम हाये."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. तुमच्या हाताले वास येत होता."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी सांगाची वाट पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "मासोळ्यायचं दुख दोन दिवस झालं. याचं सालभर."

तिनं शांतपणे ताट संपवलं, हात धुतले आणि घमेलं उचललं. "चला बोडीवर. गाळ मी काढीन. तुमी गुनाबाईले सांगा."

मी सांगितलं. भर दुपारी, बोडीच्या पाळीवर, खाली मान घालून. गुणाबाईनं दोन कडक शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले आणि मला हलकं वाटलं.

पुन्हा नवं पाणी, पुन्हा गाळ, पुन्हा भाताची शितं. चाळीसेक दिवसांनी पाणी आपसूक निवळलं. काचेवर हिरवी साय धरली, ती मी पुसली नाही. गुणाबाईनं येऊन वास घेतला, मान डोलावली आणि सहा मासोळ्या सोडल्या.

त्या दिवशी आम्ही दोघं टाकीसमोर चटई टाकून बसलो. मासोळ्या गाळातली शितं हुडकत होत्या. कांताच्या चेहऱ्यावर असं समाधान मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं, तरी माझ्या मनात धाकधूक होतीच.

"यातली एखादी मेली तं?" मी विचारलं.

"मरंल तं मरंल," कांता म्हणाली. "तुमी सांगसान ना मले."