फोटोतली ठमाबाई

शरच्चंद्रदादाने एक फोटो हळूच मांडीखाली सरकवला. विनोदिनीने ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं. उभा जन्म महाडच्या शाळेत शिकवण्यात गेलेला. कोण बाकाखाली काय लपवतो हे या बाईला न बघताही कळायचं.

दोन हजार तीन सालची दिवाळी नुकतीच झाली होती. पोलादपूरला दादाच्या घरी जुन्या फोटोंची पेटी उघडून भावंडं बसली होती. त्यातली माणसं ओळखणारे आता हे दोघंच उरले होते. एकाने नाव सांगायचं, दुसऱ्याने मागे लिहायचं. वीर गावची आत्या झाली, आत्याचे यजमान झाले, मुंजीतला चुलतभाऊ मुरारी झाला.

"दादा, तो दे की."

"कुठला?"

"मांडीखालचा."

"तो खराब झालाय."

खराब फोटो माणूस टाकून देतो, त्यावर बसून राहत नाही. विनोदिनीच्या मनातली जुनी शंका जागी झाली. लहानपणी सगळे तिला चिडवायचे, तू सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी सापडलीस म्हणून तुला उचलून आणली. सगळं घर गोरं आणि ही एकटी सावळी. साठी उलटली तरी ते कुठेतरी सलत होतंच. त्या फोटोत आपली खरी आई असेल तर? दादाच्या शब्दाचा तर काडीचा भरवसा नव्हता. सोळा वर्षांपूर्वी वडील, बापू गेले तेव्हा कंबर धरलीय म्हणून या थोरल्या मुलाने मुरारीला अग्नी द्यायला लावला, आणि दुसऱ्याच दिवशी हाच माणूस विहिरीवर भराभरा पाणी शेंदताना तिने डोळ्यांनी पाहिला होता.

आत फोन वाजला. दादा उठला आणि विनोदिनीबाईंनी फोटो उचलला.

फोटोत, अंगणात ठमाबाई उभी होती. डोंगरावरच्या वाडीतून त्यांच्याकडे दूध घालायला यायची ती. तिच्या हातात सूप, सुपात तान्हं मूल आणि शेजारी तोंडाला पदर लावलेली त्यांची आई. मागे बापूंच्या अक्षरात साल होतं, १९३७. विनोदिनीचा जन्म बेचाळीसचा. तिचा जीव भांड्यात पडला.

"पाहिलंस ना?" दादा दारात उभा होता. "मी ठमाबाईचा. नऊ वर्षांचा होतो, तेव्हा तीच म्हणाली, 'तू माजा हायस रे. तुज्या आयशीनं पसाभर कण्या देऊन नेला तुला.' दर वाढदिवसाला आई माझ्याच हातून तिला सूपभर तांदूळ पाठवायची. कशासाठी, सांग."

विनोदिनीला हसूच फुटलं. "अरे, तुझ्याआधी आईचे दोन मुलगे गेले. ठमाबाईची सातही पोरं जगलेली. म्हणून तू जन्मलास तसा तुला तिच्या सुपात घातला, तिचा म्हणवला आणि कण्या देऊन परत घेतला. अशाने मूल जगतं म्हणायचे. माझ्या पहिल्या बाळंतपणात आईनेच सांगितलं मला. बायकांतली गोष्ट, तुम्हा पुरुषांना कोण सांगणार?"

दादाने फोटो तिच्या हातातून घेतला.

"म्हणजे बापू माझेच?"

"तुझेच. नाक बघ आरशात."

तो हसला नाही. फोटो उलटा करून बापूंच्या अक्षरावरून त्याने बोट फिरवलं.

"माझी कंबर धरली नव्हती, विनू."

"ठाऊक आहे मला."

"परक्याच्या हातचा अग्नी त्यांना कसा चालेल, असं वाटलं. म्हणून मुरारीला पुढे केला."

सोळा वर्षं ती या माणसाला ढोंगी म्हणत आली होती. नातेवाइकांत, शेजारणींत, त्याच्या तोंडावरसुद्धा. आणि तो एकदाही उलट बोलला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

"आता देता येतो का गं अग्नी?" दादाने विचारलं.

विनोदिनीने त्याचा हात धरला. मग त्यात पेन देऊन म्हणाली, "मागे लिही. बापूंचा शरच्चंद्र."