नऊ नंबरची बस

अडतीस वर्षं आर्डिस आणि लाइल एकाच गाडीतून मतदानाला जात होते आणि एकमेकांचं मत खोडून परत येत होते. ती निळ्या पक्षाची, तो लाल पक्षाचा. लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत भांडता भांडता काचेचं झाकण फुटलं, तेव्हा दोघांनी नियम केला: जेवणाच्या टेबलावर राजकारण काढायचं नाही. त्या नियमावर संसार टिकला. फक्त राजकारण वर्षागणिक फुगत गेलं आणि टेबलावर बोलण्यासारखं उरलं ते कुत्रा, बर्फ आणि शेजाऱ्यांचं गवत.

आरोग्यविमा तर केव्हाच राजकारणात जमा झाला होता. त्यामुळे आर्डिसला आपला दुखरा खांदाही टेबलावर काढता येईना.

खांदा उजवा. बावीस वर्षं ती शाळेची नऊ नंबरची बस चालवत होती. दार उघडायचा लोखंडी दांडा दिवसातून शंभरदा ओढायचा. पगार बेताचाच, पण नोकरीबरोबर दोघांचा विमा होता. लाइल घरामागच्या शेडमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा, त्याला कोण विमा देणार? आणि त्याचं आतड्याचं दुखणं ताब्यात ठेवणारं इंजेक्शन दर पंधरवड्याला लागायचं. येत्या मार्चमध्ये आर्डिसला पासष्ट पूर्ण होणार, म्हणजे तिला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा मिळणार. लाइल मात्र एकसष्टचा. तिने बस सोडली की त्याचा विमा गेला, आणि बाहेरून घ्यावा तर हप्ते यंदा दुप्पट. पुढच्या वर्षी काम करणार की नाही, ते बस विभागाच्या बेव्हला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

मंगळवारी संध्याकाळी खासदार लोकांना भेटायला शाळेच्या जिमच्या मोठ्या हॉलमध्ये आले. दोघं एकाच गाडीतून गेले आणि आत शिरताच दोन बाजूंना पांगले. लग्नात दोन्हीकडची पाहुणेमंडळी बसतात तसं गाव बसलं होतं. प्रश्न कोणी विचारायचा, ते पॉपकॉर्नच्या डब्यातून चिठ्ठी काढून ठरत होतं.

"सरकारला माझ्या डॉक्टरच्या खोलीत कशाला घुसवता?" लाइलच्या बाजूचा एकजण ओरडला.

"विमा कंपनी आधीच घुसून बसलीय तिथे. कॉफी विचारलीस का तिला?" समोरून उत्तर आलं.

तिसरा नंबर आर्डिसचा निघाला.

"साहेब, मी भाषण करत नाही, कुत्र्याला फिरवायचंय. माझा खांदा गेलाय. मला बस सोडायचीय. पण माझा नवरा माझ्या विम्यावर आहे आणि त्याला पासष्ट व्हायला चार वर्षं आहेत. मी काय करू?"

"नवऱ्याला सोड!" तिच्याच बाजूने कुणीतरी ओरडलं.

"सोडला असता गं, पण यंत्रं बरी दुरुस्त करतो."

जिम हसलं. खासदारांनी तिच्या सेवेचे आभार मानले. विमा कंपन्यांमधल्या स्पर्धेबद्दल बोलले, पर्यायांबद्दल बोलले.

"कोणते पर्याय?"

"त्यावरच आमचं काम चालू आहे, बाई."

"कधीपर्यंत? मला शुक्रवारी सांगायचंय."

एका बाजूने टाळ्या पडल्या, दुसऱ्या बाजूने हुर्यो. यांच्याआधीचे निळे खासदारही असंच गोड बोलून गेले होते, हे आर्डिसला आठवलं. खोटं कशाला बोला. तिने समोर पाहिलं. लाइल टाळ्याही वाजवत नव्हता आणि ओरडतही नव्हता. टोपी हातात घेऊन तिच्या उजव्या खांद्याकडे बघत बसला होता.

घरी तिने कालचं मटण-बटाटा गरम केलं. दोन घास झाल्यावर तो म्हणाला, "किती दिवस दुखतोय?"

"टेबलावर आहोत आपण."

"खांदा राजकारण आहे?"

"तूच सांग."

लाइल उठला, आपली ताटली घेऊन सिंकपाशी गेला आणि उभ्याने खायला लागला. "इथे टेबल नाही. बोल."

मग तीही ताटली घेऊन उठली. "दोन हिवाळे झाले."

"वरची भांडी डाव्या हाताने काढायचीस. मला वाटलं, नवीन खूळ."

"खूळच ते."

"माझ्या पक्षाचा खासदार कामाचं काहीच बोलला नाही आज."

"माझ्या पक्षाचाही नव्हता बोलला."

लाइलने ताटली सिंकमध्ये ठेवली. मग म्हणाला, "बसचा परवाना काढायला किती दिवस लागतात?"

"तुला? तुला पोरांचा आवाज सहन होत नाही."

"पोरं मागे असतात. मी पुढे बघणार."

"आरसे असतात, लाइल."

"असू देत. बस चालवायला माणसं मिळत नाहीत म्हणून ती बेव्ह चर्चमध्येसुद्धा रडत असते. एक म्हातारा मिळाला तर रडायची थांबेल."

शुक्रवारी आर्डिसने बेव्हच्या टेबलावर आपला राजीनामा ठेवला आणि त्याखाली लाइलचा अर्ज. बेव्हने आधी खालचा कागद वाचला.

फेब्रुवारीत एका रविवारी शाळेच्या रिकाम्या आवारात लाइल नऊ नंबरच्या बसच्या स्टिअरिंगमागे बसला. त्याने दांडा ओढला, दार उघडलं, मिटलं. पुन्हा ओढला. दहाव्या वेळी थांबून त्याने स्वतःचा खांदा चोळला.

"अजून नव्वद," आर्डिस म्हणाली आणि आरशात मागचं नीट दिसतंय का ते त्याला कळावं म्हणून अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बावीस वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच बसत होती. पोरं दर हिवाळ्यात कुरकुरायची की मागे गरम हवा येत नाही, आणि ती दर हिवाळ्यात सांगायची, गप्प बसा, येते.

खरंच येत नव्हती. तिने हात कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले.

"दिसतेय का मी?" तिने ओरडून विचारलं.

"दिसतेस," लाइल म्हणाला. "कुडकुडतेयस."