एबेल मास्तरांचं पदक

एबेल मास्तरांना राजा नको होता. राजाशी त्यांचं वैर होतं असं नाही हं. "माणूस बरा आहे, शेजारी राहायला आला तर माझी शिडी नेऊ दे त्याला," असं ते म्हणायचे. पण केवळ जन्माला आला म्हणून राजा, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नसे. राजाच्या वाढदिवसाला अख्खं गाव राजघराण्याच्या रंगात, म्हणजे नारिंगी व्हायचं. नारिंगी टोप्या, नारिंगी पताका, पेस्ट्रीवरची साखरसुद्धा नारिंगी. आणि मास्तरांच्या माडीच्या खिडकीतून एक पांढरी चादर लोंबायची. तिच्यावर काळ्या रंगात लिहिलेलं असे, 'आमचा आम्ही निवडू.' दरवर्षी तीच चादर, धुऊन इस्त्री केलेली.

आणि अशा माणसाला राजाचं पदक मिळवून द्यायला मी निघाले होते.

"फ्राउके, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" माझा नवरा लुप्पो म्हणाला. "भर सभेत नको म्हणतील आणि चालते होतील. तोंडघशी कोण पडेल? तू."

"पडेन. माझं तोंड आहे."

म्हटलं, आणि नगरपालिकेचा अर्ज भरायला बसले.

आता हे खूळ माझ्या डोक्यात का शिरलं, ते सांगते. आमच्या सखल ग्रोनिंगन प्रांतात दाराबाहेर पाऊल टाकलं की पाणी. कालवा, खंदक, पुन्हा कालवा. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे, आणि शाळा सुटली की गावच्या तलावावर पोहायला शिकवायचे. फुकट. पोहण्याची परीक्षा आमच्या देशात सगळीकडेच अंगावर कपडे घालून द्यावी लागते, पण मास्तरांचं पुढचंच. ते पोरांना हिवाळी कोट आणि रबरी बूट घालून पाण्यात ढकलायचे. मी तर भांडायलाच गेले होते. "बूट कशाला, मास्तर? पोराला मारायचंय का?" तर म्हणाले, "कालव्यात पडणारा पोरगा आधी बूट काढून ठेवतो का, फ्राउके?"

माझा वुब्बो सहा वर्षांचा असताना कालव्यात पडला. मार्च महिना, आसपास चिटपाखरू नाही. कोट आणि बुटांसकट तो पाठीवर वळला, पाय मारत मारत काठाला लागला आणि निथळत स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "आई, बूट नाही हरवले," म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी केक घेऊन मास्तरांच्या दारात गेले. नुसती रडत होते. मास्तर म्हणाले, "पोरगं पोहलं, मी नाही. दार लाव, वारा येतोय." आणि स्वतःच दार लावून घेतलं! केक दुसऱ्या दिवशी तलावावरच्या पोरांना वाटून टाकला. त्यानंतर दर मार्चला मी केक न्यायची आणि दर मार्चला तो पोरांच्या पोटात जायचा. आभाराचा 'आ' काढला की मास्तर हवापाण्याचं बोलायला लागायचे. वुब्बो मोठा झाला, त्याला दाढी आली, तरी माझे आभार आपले माझ्याचपाशी. कुणाचं एवढं देणं लागावं आणि त्याने ते घेऊच नये, याचा काय जाच असतो म्हणून सांगू!

म्हणून पदक. एवढे मोठे आभार मानायची आमच्या देशात दुसरी रीतच कुठाय? पंतप्रधानांनी मानले असते तर अर्धं गाव म्हणालं असतं, मतांसाठी चाललंय. राजाला कुणाचं मत नको असतं. तेवढं एक त्याचं मला बरं वाटतं.

हेच मी एकदा मास्तरांना, पदकाचं नाव न काढता, कॉफी पिताना ऐकवलं होतं. ते हसले. "म्हणजे ज्याला कुणी निवडलं नाही तोच प्रामाणिक? छान! अगं, माझ्या तलावात डॉक्टरचं पोर आणि गवळ्याचं पोर एकाच फळीवरून उडी मारतात. बुटांसकट. कुणी जन्मतः पोहत नाही."

"आणि निवडून आलेले बुडवतात त्याचं काय?"

"त्यांना काढता येतं." कप खाली ठेवून म्हणाले, "बिस्कीट घे."

तर राजाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी देशभर ही पदकं वाटतात. ज्याला मिळायचं त्याला कानोकान खबर नसते. घरचे काहीतरी थाप मारून त्याला नगरपालिकेत नेतात. मास्तर एकटे, तेव्हा थाप मारायचं काम माझ्याच गळ्यात. मी म्हटलं, "मास्तर, तलाव बंद करायचा घाट घातलाय. शुक्रवारी सभा आहे."

चुकलंच माझं. दुसरी एखादी साधी थाप मारायला हवी होती. शुक्रवारी मास्तर ठेवणीतला कोट घालून, दात-ओठ खात, आख्खं भाषण पाठ करून आले. दालनात शिरले तर समोर पन्नासेक माणसं, सगळी त्यांच्या हाताखालून पोहून गेलेली. गळ्यात पदाची साखळी घातलेल्या महापौरबाई हसतमुखाने उभ्या राहिल्या. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "महाराजांची मर्जी झाली आहे की एबेल ताम्मेन्स यांना..."

मास्तरांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग हळूहळू मिटलं.

"तलाव बंद होत नाहीये?" त्यांनी विचारलं.

"छे, छे! कुणी सांगितलं?"

"बरं. मग एक सांगा बाई, महाराजांनी मला कधी पाहिलंय? माझ्यावर मर्जी झाली ती कुठून?"

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी टोपी उचलली. "तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं. पण हे मी घेऊ शकत नाही. माझी चादर ठाऊक आहे ना तुम्हाला?"

लुप्पोने माझ्याकडे पाहिलं. तो 'सांगितलं होतं ना' म्हणाला नाही, एवढे त्याचे उपकार. मास्तर दाराकडे वळले आणि माझं डोकंच फिरलं. वाटलं, हे दार आता लागलं की कायमचं.

"मास्तर, थांबा!" मी केवढ्याने ओरडले! "राजाला काही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी कळवलं. माझं पोरगं बूट घालून कालव्यातून जिवंत घरी आलं, आणि इतकी वर्षं तुम्ही मला दोन शब्द बोलू देत नाही. केक वाटून टाकता, हवापाण्याचं बोलता. मी जाऊ कुठे? तुमच्या दारात येऊन झालं. आता राजाच्या दारात गेले, कारण त्याहून मोठं दार मला माहीत नव्हतं!"

मागून वुब्बो उठून उभा राहिला. मग त्याच्या शेजारची उठली, मग पलीकडचा, आणि सगळं दालनच उभं राहिलं.

मास्तरांनी टोपी हातातल्या हातात फिरवली. "हे लावतं कोण?" त्यांनी महापौरबाईंना विचारलं.

"मी. महाराजांच्या वतीने."

"महाराजांच्या वतीने नको. हिच्या वतीने चालेल."

बाई शहाण्या. त्यांनी पदक मुकाट्याने माझ्या हातात दिलं. मी पिन इतक्या जोरात खुपसली की ती कोटातून आरपार गेली. "अगं, टोचलंस!" मास्तर किंचाळले, आणि पुढचं हसण्यात बुडून गेलं. बाहेर पडताना कुणीतरी विचारलं, "मास्तर, कसं वाटलं?" म्हणाले, "याहून वाईट होऊ शकलं असतं." आमच्याकडे यापेक्षा मोठी तारीफ कुणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी राजाचा वाढदिवस. नारिंगी टोप्यांच्या गर्दीतून वाट काढत मी केक घेऊन निघाले. माडीवरून चादर लोंबतच होती, कडक इस्त्रीची. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. त्या चादरीवाचून ते आमचे मास्तर वाटलेच नसते.

त्यांनी दार उघडलं. "ये."

"लावून घेऊ का? वारा येतोय."

"राहू दे उघडं."

पदक स्वयंपाकघरात टेबलावर, साखरेच्या डब्याशेजारी पडलं होतं. "मेल्यावर परत करायचं असतं म्हणे हे," मास्तर म्हणाले. "म्हणजे तुझ्या राजाने आभारही उसनेच दिलेत."

"माझा राजा?"

"नाहीतर कुणाचा? मी निवडलेला नाही." त्यांनी सुरी काढली, केकचा मोठा तुकडा कापला आणि पोरांसाठी न ठेवता स्वतःच्या तोंडात घातला. खाता खाता खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या संध्याकाळी तू दारात रडत होतीस. दार लावलं नसतं तर मीही रडलो असतो, फ्राउके. सहा वर्षांचं पोर."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मास्तरांनी पुसायला टॉवेल पुढे केला, नि पोरांना फळीवर उभं करायचे त्याच आवाजात म्हणाले, "हं, बोल आता. काय म्हणायचं होतं तुला?"

"थँक यू, मास्तर. माझा वुब्बो तुमच्यामुळे आहे."

"ऐकलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी दुसरा तुकडा कापला.