नंबरापुरती इंजिनियर

जयसिंग सरांनी केबिनमध्ये बोलावून आधी चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस आता काहीतरी गळ्यात मारणार. एरवी ते उभ्या उभ्या बोलतात आणि समोरच्यालाही बसू देत नाहीत.

"चैताली, तुझं ते सर्टिफिकेट या महिनाअखेर संपतंय ना?"

"संपतंय."

"मग रिन्यू करून टाक."

करून टाक. जसा काही गॅसचा नंबर लावायचा होता.

मी नेटवर्क इंजिनियर होते. होते, कारण दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००८ साली, याच सरांनी मला तिथून उचलून प्रोसेस मॅनेजर केलं. वर पेढेही वाटले. नेटवर्कवाल्यांना रात्री-अपरात्री क्लायंटकडे पळावं लागतं, लेडीजला कुठे पाठवायचं, हा त्यामागचा थोर विचार. त्याआधी इतकी वर्षं मी रात्री-अपरात्री पळतच होते, तेव्हा ही काळजी कुणाला शिवली नव्हती. आता माझं काम एवढंच की एक्सेलमध्ये एखादा रकाना लाल दिसला की तो हिरवा का नाही, हे लोकांना विचारत फिरायचं. राउटरला हात लावायचा तर मला लेखी परवानगी मागावी लागते, आणि त्या परवानगीचा फॉर्म मीच तयार केलेला आहे.

"सर, ते काम मी आता करत नाही. मला करू दिलंच जात नाही."

"अगं, काम कोण कर म्हणतंय? आपल्याला फक्त सर्टिफिकेटचा नंबर पाहिजे."

नंबराची भानगड अशी होती. ज्या परदेशी कंपनीची यंत्रं आम्ही लोकांकडे बसवतो, ती आमच्यासारख्यांना दर्जा देते. 'गोल्ड' दर्जा हवा असेल तर तिची परीक्षा पास झालेले ठरावीक इंजिनियर पदरी असावे लागतात. त्यातला एक जण नुकताच बंगलोरला पळाला होता. आता माझंही सर्टिफिकेट गेलं असतं तर गोल्डचं सिल्व्हर झालं असतं आणि सरांना नवीन व्हिजिटिंग कार्डं छापावी लागली असती.

"परीक्षा परत द्यावी लागते सर. अभ्यासाला वेळ लागेल."

"अभ्यास कशाला करतेस?" सर खरोखरच चकित झाले. "रतनकडे पीडीएफ आहे. तो पाठवेल."

रतन म्हणजे माझ्या जागेवर आलेला टीम लीड. त्याला राउटर उघडायला मीच शिकवलं होतं. त्याची पीडीएफ म्हणजे 'डंप'. परीक्षेतले प्रश्न कुणीतरी चोरून बाहेर आणतं, उत्तरांसकट इंटरनेटवर टाकतं, आणि पोरं ते पाढ्यांसारखे पाठ करून पास होतात. आमच्या मजल्यावरचे बहुतेक सगळे असेच पास झाले होते आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. मी जागेवर येईपर्यंत मेल आलेली होती. सोबत रतनने एक हसरा चेहरा पाठवला होता.

मला एवढा संताप का आला, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आम्ही विश्रांतवाडीचे, ओव्हाळ. अण्णा, म्हणजे माझे वडील सीताराम ओव्हाळ, खडकीच्या कारखान्यात लेथवर लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. ट्रेड टेस्टला त्यांनी घडवलेला जॉब सगळ्यांत अचूक उतरला होता, तरी जन्मभर ते 'कोट्यातले फोरमन'च राहिले. मी नोकरीला लागले ती खासगी कंपनीत. तिथे कोटा नव्हता, पण पहिल्याच आठवड्यात डबा खाताना एका सीनियर बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "तुझं कुठल्या कॅटेगरीतून झालं गं?" टेबलावरचे सगळे एकदम आपापल्या भाजीकडे बघायला लागले.

मग मी ही परीक्षा दिली. काचेच्या खोलीत एक कॉम्प्युटर, वर कॅमेरा आणि समोर प्रश्न. कॉम्प्युटरला ओव्हाळ काय आणि आणखी कोण काय, काही फरक पडत नव्हता. मी पास झाले, कागद टेबलावर लावला, आणि डब्याच्या वेळचे ते प्रश्न बंद झाले. पुढे दोनदा मी तो कागद नवा केला. रोज तेच काम करत होते, त्यामुळे दोन्ही वेळा फारसे कष्ट पडले नाहीत.

आणि आता मला डंप पाठ करायला सांगत होते. म्हणजे माझ्या पाठीमागे जे बोललं जायचं, ते मी स्वतःच्या हाताने खरं करून द्यायचं. बरं, डंप न बघता बसले आणि नापास झाले, तर त्याची वाट बघणारेही होतेच. दोन वर्षं एक्सेल भरणाऱ्या बाईने पास तरी कसं व्हायचं? आणि सोडूनच दिलं, तर मी कायमची लाल-हिरव्या रकान्यांची झाले.

घरी जाऊन मी चप्पल अशी भिरकावली की अण्णांनी पेपर खाली केला. मी सगळं सांगितलं. अर्धं त्यांना कळलं नसावं, पण मुद्दा कळला.

"सोडून दे की," ते म्हणाले. "पगार थोडाच कमी होणार आहे?"

"नाही होणार."

"मग चिडतेस कशाला एवढी?"

"कारण मला ते काम आवडायचं, अण्णा. मला ते यायचं."

हे मी दोन वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

"मग परीक्षेचं काय घेऊन बसलीस? काम माग."

"मागून मिळतं का?"

"हे मला विचारतेस?" म्हणून त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

रविवारी मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेले. तिथे रहीमभाईंचं जुन्या मालाचं दुकान आहे. पहिल्या परीक्षेच्या वेळी मी त्यांच्याकडूनच जुने राउटर आणि नेटवर्कचे स्विच भाड्याने नेऊन घरी मांडले होते. रहीमभाईंनी मला ओळखलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि माळ्यावरून धुळीने भरलेली तीन खोकी खाली काढली.

"घेऊन जा, मॅडम. भाडं-बिडं राहू द्या. हल्ली कोण विचारतंय याला? पोरं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढतात आणि पास होतात."

"मलाही प्रिंट मिळालीये."

"मग हे ओझं कशाला नेताय?"

मी रिक्षा केली.

पुढचे दिवस वाईट गेले. जे मी झोपेत करायचे ते जमेना. एक साधी आज्ञा टाइप केली तर स्विच मला ती चूक असल्याचं सांगे, दुसरी टाकली तर तीही चूक. नेटवर्कमधल्या यंत्रांच्या पत्त्यांचे जे हिशेब मी बोलता बोलता तोंडी करायचे, त्यासाठी आता कागद घ्यावा लागत होता, आणि कागदावरही ते चुकत होते. मला रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता. या लोकांनी माझा हात नुसता थांबवला नव्हता, तो बिघडवून ठेवला होता. आणि पेढे खाऊन मीही तो बिघडवू दिला होता.

एकदा मी रतनची मेल उघडली. पीडीएफवर बाण नेला. सगळेच तर बघतात, मी काय वेगळी लागून गेले, असं स्वतःला सांगूनही पाहिलं. मग मेल डिलीट केली, आणि स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून ट्रॅशमध्ये जाऊन तिथूनही उडवली.

परीक्षेचं केंद्र कोथरूडला होतं, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. माझ्या शेजारच्या मुलाने पाणी प्यावं तितक्या सहज परीक्षा संपवली आणि तो उठून गेला. मी शेवटपर्यंत बसले. दोन प्रश्नांनी माझा जीव काढला. एक तर मी सरळ अंदाजाने टाकला. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर येतो. मी पास होते. फार वरून नाही, पण माझी मी.

आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. वारज्याकडे वळणाऱ्या बसला हात करून वर चढले आणि मग लक्षात आलं की मला जायचंय उलट्या दिशेला. उतरून मी एकटीच हसत उभी राहिले.

तो आनंद ऑफिसात पोहोचेपर्यंत टिकला. जयसिंग सर मजल्याच्या मध्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"बघ, म्हटलं नव्हतं? रतनची पीडीएफ म्हणजे एकदम फ्रेश असते."

"मी ती बघितली नाही, सर."

"हो, मॅडम," रतन डोळे मिचकावत म्हणाला, "आम्हीपण कुणी नाही बघितली."

सगळा मजला हसला. चांगल्या मनानेच हसला, हे जास्त लागलं. त्यांनी मला आपल्यात घेतलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि दात-ओठ खात उभी राहिले. एवढी वर्षं ज्या कागदाने माझ्या वतीने उत्तर दिलं, त्याला आता कवडीची किंमत नव्हती. मी खरी पास झाले काय आणि पाठ करून झाले काय, कागद तोच. तो पुन्हा टेबलावर लावून मी कुणाला काय सिद्ध करून दाखवणार होते?

तोंड धुऊन बाहेर आले तर जागेवर त्या परदेशी कंपनीची मेल आलेली होती. तिची एक पद्धत आहे. सर्टिफिकेट माणसाचं असतं, ऑफिसचं नाही. ऑफिसला तो नंबर आपल्या खात्यात मोजायचा असेल तर माणसाने स्वतः 'मान्य आहे' असं दाबावं लागतं. मी ते दाबलं नाही. थेट सरांच्या केबिनमध्ये गेले आणि या वेळी न सांगता बसले.

"सर, मला नेटवर्क टीममध्ये परत जायचंय."

"आता? बघू. पुढच्या वर्षी."

"बदलीचं पत्र मिळालं की मी नंबर मान्य करते."

सरांना ते समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"हे ब्लॅकमेल आहे, चैताली."

"नाही सर, प्रोसेस आहे. तुम्हीच मला तिची मॅनेजर केलंत."

"अगं, मागे कुणी जातं का? तिथे लीड रतन आहे. त्याच्या हाताखाली काम करशील?"

"करीन."

"मॅनेजरची ग्रेड मिळणार नाही तिकडे."

"नको."

"लोक काय म्हणतील? हिला झेपलं नाही म्हणून खाली आणली, म्हणतील."

"लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, सर. मी ओव्हाळ आहे."

टेबलावरचा पेपरवेट त्यांनी दोनदा फिरवला. गोल्ड दर्जाची मुदत त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. संध्याकाळी पत्र मिळालं, मी ते दोनदा वाचलं आणि मग नंबर मान्य केला.

सोमवारी मी रतनच्या टीममध्ये रुजू झाले. बिचाऱ्याची पंचाईत झाली. माझ्यासमोर बसू की उभा राहू, हेच त्याला कळेना. सकाळभर त्याने मला काही काम दिलं नाही. शेवटी तो खुर्ची सरकवत आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, चाकणच्या प्लांटचं जरा बघता का? लिंक चालू असते, पण अशी रडत रडत चालते की कुणाला काम करता येत नाही. आठवडा झाला, मला काही सापडत नाहीये."

मलाही लगेच सापडलं नाही. आम्ही इकडचं तपासलं, तिकडचं तपासलं. माझी एक शंका चुकली, मग दुसरी चुकली, आणि दुसरी चुकल्यावर मी स्वतःलाच एक शिवी दिली. रतन जेवायला उठला नाही. चार वाजून गेल्यावर मला ते दिसलं. चाकणला कुणीतरी नवा स्विच बसवला होता. डेटा पाठवायची रीत आमच्या टोकाला हाताने ठरवून दिलेली होती आणि त्या टोकाने ती आपल्या मनाने ठरवली होती, त्यामुळे दोघं एकाच वेळी बोलून एकमेकांचं तोडत होते. दोन ओळींचं काम होतं. मी ते रतनला करायला लावलं. पडद्यावर चुकांचा आकडा चढत होता, तो जागच्या जागी थांबला.

रतन बराच वेळ त्या थांबलेल्या आकड्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही खरंच नव्हती बघितली ती पीडीएफ?"

"ते राहू दे," मी म्हणाले. "आधी चाकणला फोन लाव आणि चालतंय का विचार."