नानासोचा वाटा

सोमवार. मेथी आणि आमटी.

पहाटे जात्यावर बसलं, की राहीबाईच्या डोक्यात रात्रीच्या जेवणाचा विचार सुरू व्हायचा. माघ लागलेला, कुंडलच्या शिवारात गुऱ्हाळं पेटलेली. घरची पुरुषमाणसं एका वेळी जेवायला येणं शक्यच नव्हतं. दिवेलागणीला नवरा हंबीरराव यायचा, संगती गूळ शिजवणारा गुळव्या. ते उठले की मधला लेक कृष्णात. सगळ्यांत शेवटी धाकटा नाथाजी, हातपाय आटलेल्या रसाच्या राबेनं माखलेले, रसाची काहील उतरवून. म्हणजे स्वयंपाक असा हवा की तीनदा वाढला तरी तोंडाला लागावा. पिठलं आळतं, ते नको. वांगं शिळं लागतं. आमटी बरी, पाणी घातलं, उकळी आणली, की पुन्हा ताजी. मेथी कोरडी परतायची, वर खर्डा.

मग भाकरी. जात्याचा खुंटा ओढता ओढता ती बोटं मुडपायची. मालकांना तीन, गुळव्याला चार, कृष्णातला चार, नाथाजीला चार, नानासोला दोन. सतरा. तेवढ्याच पिठाचं जोंधळं जात्यात पडायचं.

या सतरांत बाई एकही नव्हती.

ही काही राहीबाईची कंजुषी नव्हती. कणगी भरलेली होती. सरकारी लेव्हीचं धान्य घालूनसुद्धा वर्षाचं जोंधळं उरलं होतं. पण बायकांची भाकरी मोजायची रीतच त्या घरात नव्हती. "उरतंच की गं," असं राहीबाईची सासू म्हणायची, आणि उरायचंही. कुणी अर्धी ठेवायचं, कुणाचं पोट दुखायचं. उरलं नाही, तर दिवेलागणीनंतर कणगीला हात लावायचा नाही, लक्ष्मी जाते. बाईनं तांब्याभर पाणी प्यावं आणि झोपावं. राहीबाई अशी कितीदा झोपली, ते तिनं कधी मोजलं नव्हतं.

आणि नानासोचा वाटा. थोरला लेक नानासो फौजेत होता, ब्रह्मदेशात. लढाई संपून सहा महिने झाले तरी बोट मिळाली नव्हती. तो फौजेत गेला त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याच्या नावाच्या दोन भाकऱ्या आणि भाजीचा गोळा दुरडीखाली झाकून ठेवला जाई. सकाळी तो वाटा बैलाच्या मुखी. कुंडलात ज्या ज्या घरचं माणूस फौजेत, त्या त्या घरात अशी दुरडी होती. तो वाटा बाईनं खाल्ला तर तिकडं माणसाचं आयुष्य तुटतं, असं सगळ्या म्हणत. पहिल्या लढाईत गल्लीतल्या एकीनं भुकेपोटी नवऱ्याचा वाटा खाल्ला, आणि आठव्या दिवशी बसऱ्याहून तार आली. ती तार राहीबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. राहीबाई तेव्हा नवी नवरी होती. त्या बाईचं ओरडणं अजून तिच्या कानात होतं.

मंगळवार. हुलग्याचं माडगं.

चुलीपुढं आता धाकटी सून अंजना बसायची, कृष्णातची बायको. सातवा महिना. पोट सांभाळत, पाय एका अंगाला घेऊन ती भाकरी थापायची.

"आत्याबाई, पीठ सरलं."

"किती झाल्या?"

"सतरा."

"मग बरोबर हाय."

अंजना परात पुसू लागली. राहीबाईनं मान वर केली आणि तिला दुरडीशेजारी, भिंतीला टेकून बसलेली बनू दिसली.

बनू, थोरली सून. नानासोची बायको. गेल्या श्रावणात गेलेली.

ती काही बोलायची नाही, भिववायची नाही. गुडघे पोटाशी घेऊन दुरडीकडं पाठ करून बसायची, जशी जिवंतपणी बसायची. आणि मग तो आवाज यायचा. घट, घट, घट. तांब्या वर धरून पाणी पिण्याचा. राहीबाई डोळे मिटायची. उघडले की भिंत मोकळी. बनूची दीड-दोन हात लांब सावली मात्र तिला उगाच जमिनीवर वाटत राहायची, आणि ती तिथून पाय टाकताना वळसा घालायची.

"काय झालं वं आत्याबाई?"

"काय न्हाई. धूर गेला डोळ्यात."

मागचा श्रावण. कुठलाही वार.

त्याआधीच्या भाद्रपदात नानासो महिनाभर रजेवर येऊन गेला, आणि ज्येष्ठात बनूला मुलगी झाली. हौसा. पोर अंगाला चिकटलेली, आणि बनू दिवसेंदिवस पांढरी पडत चाललेली. बाळंतिणीला बारा दिवस तूप-भात मिळाला. तेराव्या दिवशी ती पुन्हा चुलीपुढं आली आणि पुन्हा शेवटी जेवायला लागली. पेरण्यांचे दिवस. औतकरी, बैलांची देवघेव करणारे पैरेकरी, येणारे-जाणारे. कधी पाव भाकरी उरायची, कधी नुसता खर्डा. दुरडीखाली दोन भाकऱ्या असायच्याच.

राहीबाईनं एकदा स्वतःच म्हटलं होतं, "भूक लागली का गं लय?"

बनू म्हणाली, "लागू दे. त्यास्नी सुखरूप येऊ दे."

केवढं बरं वाटलं होतं राहीबाईला त्या उत्तरानं! सून असावी तर अशी. चार बायकांत तिनं ते सांगितलंसुद्धा.

श्रावणात बनू परड्यात चक्कर येऊन पडली. तासगावहून डॉक्टर आणला. त्यानं पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली.

"हिच्या अंगात रक्तच नाही. काय खाते ही?"

"आमच्या घरात खायाला काय कमी न्हाई, सायब," राहीबाई म्हणाली.

त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कणगी भरलेली होती, दुरडी झाकलेली होती. बनूनं खाटेवरून सासूकडं पाहिलं, आणि तीही म्हणाली, "व्हय. कमी न्हाई."

चौथ्या दिवशी ती गेली. नानासोला पत्र लिहिलं: तापाचे निमित्त झाले.

गुरुवार. शेवटी पिठलंच.

इस्लामपूरकडचे तिघे जण गूळ बघायला आले. हंबीररावानं गुऱ्हाळावरूनच हाळी देऊन सांगितलं, "पावणं जेवून जातील!" आमटी चारच माणसांपुरती होती. अंजनानं घाईघाईनं पिठलं हाटलं. तीन पाहुणे जेवले, पिठल्याची वाहवा झाली, ढेकर झाले. कृष्णातच्या वाटच्या भाकऱ्या पाहुण्यांना गेल्या, नाथाजीच्या कृष्णातला. नाथाजी आला तेव्हा बुट्टीत मालकांनी आणि गुळव्यानं हात आखडून मागं ठेवलेल्या दोनच होत्या. त्या त्यानं खाल्ल्या आणि हात चाटत म्हणाला, "वैनी, आज कंजुषी केली बगा तुमी."

"उद्या जास्ती करीन," अंजना हसून म्हणाली.

तो ओसरीवर गेला. अंजनानं पिठल्याची खरपुडी उलथन्यानं खरवडली, जिभेवर ठेवली. मग उठली, माठाकडं गेली, तांब्या भरला.

घट, घट, घट.

राहीबाई झटकन भिंतीकडं वळली. भिंतीशी कुणी नव्हतं. आवाज माठाकडून येत होता. अंजनानं एक तांब्या संपवला आणि दुसरा भरला.

 सहा महिने राहीबाई समजत होती, की बनू आपल्याला काहीतरी मागते आहे. शांत करावी म्हणून दोनदा ओटी भरून नदीत सोडली होती. आता ते पोट, तो तांब्या, गळ्याची वरखाली होणारी शीर तिनं पाहिली, आणि तिला कळलं की बनूनं मागितलं काहीच नव्हतं. ती फक्त कुणीतरी बघावं म्हणून बसली होती.

"ठेव तो तांब्या."

"आं?"

राहीबाईनं दुरडी उचलली. दोन भाकऱ्या, भाजीचा गोळा. दुरडी तिनं बाजूला टाकली, ती घरंगळत चुलीपाशी गेली.

"बस. खा."

अंजना मागं सरकली. "न्हाई आत्याबाई! थोरल्या भावजींचा वाटा हाय त्यो."

"ठावं हाय मला."

"मी न्हाई खाणार. उद्या काय इपरीत झालं तर सगळा गाव मला..."

"आई मी हाय त्याची," राहीबाई म्हणाली. "पाप लागलं तर मला लागंल. बघ."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. डोळ्यांपुढं नानासो आला. तीन वर्षांचा, नागडा, नदीच्या वाळूत पळणारा. मग ती तार. त्या बाईचं ओरडणं. तुकडा तिच्या ओठांपर्यंत आला आणि थांबला. कुणी तिला विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की त्या क्षणी आपण पोटच्या पोराच्या मानेवर सुरी ठेवतो आहोत. तिची तशीच खात्री होती. सुधारकाचं पुस्तक तिनं वाचलं नव्हतं, व्याख्यान ऐकलं नव्हतं.

तिनं तुकडा तोंडात घातला. चावला. गिळला.

"आता तू."

अंजना रडत रडत खाऊ लागली. दुसरी भाकरी संपत आली तेव्हा दारात हंबीरराव उभा होता.

"काय चाललंय ह्ये?"

अंजनानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"अगं, काय चाललंय? नान्याची भाकरी... अगं, पोराचा काळ झालीस का?"

"सून उपाशी हुती," राहीबाई म्हणाली. "दुजीवाची."

"मग एक रात उपाशी ऱ्हायली तर मरती व्हय?"

"मेली की एक," राहीबाई म्हणाली.

शुक्रवार, शनिवार, रविवार.

"तुझ्या हातचं पाणी पिणार न्हाई मी," हंबीरराव म्हणाला.

"आवं, मग अंजना वाढंल. जेवा तर खरं."

"आई, आसं करायचं न्हवतं तू. दादाचं काय झालं तर?" कृष्णात म्हणाला.

"राहे, गावात त्वांड दाखवायला जागा ठिवली न्हाईस गं," रविवारी हंबीरराव म्हणाला.

"सतरा न्हाई, अंजना. आजपास्नं तेवीस. माझ्या तीन, तुझ्या तीन. आन् पयलं ताट तुझं."

"पयलं? मामंजींच्या आदी?"

"पयलं."

त्यानंतर अडीच महिने हंबीरराव बायकोशी बोलला नाही. नाथाजी दोन दिवस रुसून गुऱ्हाळावर गूळ-शेंगा खाऊन राहिला, मग आला. राहीबाईनं वाटा ठेवणं सोडलं नाही, पण तो आता रोज अंजनाच्या पोटात जाई, आणि प्रत्येक वेळी पहिला घास राहीबाई स्वतः खाई. टपालवाला गल्लीत शिरला, की ती घरात जाऊन कणगीमागं उभी राही, कानांवर हात ठेवून. तो पुढं गेला की बाहेर येई आणि जेवणाची तयारी करी. भीती एक दिवसही कमी झाली नाही. बनू मात्र पुन्हा दिसली नाही, आणि याचंही तिला भय वाटायचं.

चैत्रात अंजना बाळंत झाली. मुलगी. दोघी धडधाकट.

वैशाख. नानासो.

तो आला तो भर दुपारी, पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन, चालत. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. आईच्या पाया पडला, उठला, माजघराच्या दाराकडं तोंड करून त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मग हौसाला उचललं. पोरगी अनोळखी माणसाला बघून किंचाळली.

जेवायला बसल्यावर हंबीररावानं तो हात पाहिला. अडीच महिन्यांचं मौन सुटलं.

"बघ! बघ गं! ह्ये तुझ्या घासाचं फळ."

"कसला घास?" नानासोनं विचारलं.

हंबीररावानं सगळं सांगितलं. दुरडी, अंजना, माघातला तो गुरुवार. राहीबाई खाली मान घालून उभी होती. शिक्षा ऐकायला उभं राहावं तशी.

नानासोनं डावा हात ताटाशेजारी ठेवला.

"आबा, ह्यो हात औंदाचा न्हवं. मागल्या सालचा. शिमग्याच्या सुमाराला, मंडालेच्या अलीकडं. तुमास्नी घोर नको म्हून कळवलं न्हाई."

"मागल्या सालचा?"

"व्हय. तवा वाटा ठेवत हुता का न्हाई?"

"रोज," हंबीरराव म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "एक दिस चुकला न्हाई."

"आन् कोण खायाचं त्यो?"

"बैल."

नानासोनं हातातला घास ताटात ठेवला. आईकडं वळला.

"आन् बनू? बनू काय खायाची, आई?"

राहीबाईजवळ एक उत्तर तयार होतं. तापाचं. पत्रात लिहिलेलं, गावाला पाठ झालेलं. ते दिलं असतं तर त्या दिवशी त्या घरात सगळेच सुखानं जेवले असते.

"काय उरंल त्ये," ती म्हणाली. "न्हाई उरलं तर पाणी प्यायची. तुझा वाटा तिच्या म्होरं असायचा, पर तिनं कवा हात लावला न्हाई. तू जगावास म्हून. मला दिसत हुतं, नानासो. ताप न्हवता तिला."

तो उठला आणि परड्यात जाऊन उभा राहिला. हंबीरराव बसून राहिला. आमटी ताटात गार झाली. पुन्हा उकळी आणावी, असं त्या दिवशी कुणाला वाटलं नाही.

मनुबाईकडे. कण्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला राहीबाई पदर खोचून तीन घरं ओलांडून मनुबाईच्या स्वयंपाकघरात शिरली. मनुबाईचा बाळासो अजून बोटीची वाट बघत होता. त्याची बायको पारू चुलीशी बसली होती, मांडीवर तीन महिन्यांचं पोर, बाळासो मागल्या वैशाखात रजेवर येऊन गेला त्या वेळचं. पुरुष जेवून उठले होते. कण्यांचं भांडं घासून ठेवल्यासारखं रिकामं होतं. कोपऱ्यात दुरडी.

"ही जेवली का?" राहीबाईनं विचारलं.

"जेवंल की," मनुबाई म्हणाली.

"काय जेवंल?"

मनुबाईच्या लक्षात आलं. ती दुरडीच्या आडवी झाली. "ह्ये बघ राहे, तुझा आला. माझा अजून यायचाय. तुला काय जातंय बोलाय?"

"माझा आला," राहीबाई म्हणाली. "दारात ट्रंक ठिवली, आन् बायकोला हाक माराय तोंड उघडलं त्यानं. आन् मिटलं. त्ये तोंड मी बघितलंय, मने. बाळासोचं तू बघू नगंस."

 मनुबाई बाजूला झाली नाही.

"घरला जा. तुझी माणसं जेवायची असतील."

"जेवतील उशिरा."

राहीबाईनं फळीवरची थाळी स्वतः काढली, पारूपुढं ठेवली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसकण मारली. पारूनं सासूकडं पाहिलं. सासू चुलीकडं बघत होती. मांडीवरचं पोर रडायला लागलं.

"घे दुरडीतली भाकरी," राहीबाई म्हणाली. "तू जेवल्याबिगर मी हितनं उठत न्हाई."