सुनेच्या फोनचं कुलूप

मुलानं फोनला कुलूप लावलं तर तो हुशार, सुनेनं लावलं तर ती काहीतरी लपवते. डोणगावातली ही रीत सुचिताला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळली होती. तिच्याकडे तर फोनही दोन, एक स्वतःचा आणि एक कामाचा.

घर सोडून पळालेल्या बायका-मुलींना आसरा देणाऱ्या एका संस्थेचं काम ती घरी बसून करायची. कोण कुठल्या खोलीवर राहते, कुणाला औषध हवं, कुणाला वकील, सगळं त्या कामाच्या फोनमध्ये. संस्थेचे नियम कडक होते. फोन कायम कुलूपबंद ठेवायचा, कुलुपाचा नंबर कोणालाही सांगायचा नाही, फोन घराबाहेर न्यायचा नाही. दर सोमवारी ‘नियम पाळले’ या चौकटीत ती बरोबरची खूण करायची.

"काऊन वं, घरात चोर हायेत का?" सासूबाईंनी, म्हणजे गोजरबाईंनी, एकदा जेवताना सगळ्यांदेखत विचारलं. सासऱ्यांनी ताटात मान घातली. नवरा रवी म्हणाला, "सांगून टाक ना. आईले कुठं वाचता येते?"

सुचितानं सांगून टाकलं. चार आकडे तर होते. घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं. सोमवारची खूणही चालूच राहिली, आणि तिसऱ्या सोमवारपासून तिला त्यात काही वाटेनासं झालं.

त्या रविवारी ती आणि रवी पहाटेच शेगावला दर्शनाला गेले. नियमाप्रमाणे कामाचा फोन तिनं घरीच कपाटात ठेवला. दुपारी एकला परतले तेव्हा गोजरबाई मोठ्या समाधानानं ओसरीवर बसल्या होत्या.

"सुलतानपूरचा माणिकराव आला होता. माझा मावसभाऊ. ढसाढसा रडला बिचारा. त्याची पोरगी अपेक्षा तुमच्याच संस्थेत हाये, असं त्याले पोलिसाइनं सांगतलं म्हणे. म्या तुझा फोन उघडून देल्ला त्याले. पाहून घेतला त्यानं पत्ता. बापच हाये तिचा, परका थोडी हाये!"

अपेक्षा एकवीस वर्षांची. ठरवलेल्या लग्नाला नाही म्हणाली म्हणून याच ढसाढसा रडणाऱ्या बापानं तिचा हात मोडला होता, आणि सापडलीस तर विहिरीत टाकीन, असं बजावलं होतं. संभाजीनगरच्या त्या खोलीवर तिला सुचितानंच ठेवलं होतं.

"कधी गेले ते?"

"दहाले. जीप होती. दोघं पुतणे होते संग."

साडेतीन तासांचा रस्ता. म्हणजे अजून अर्धा तास हातात होता. तिनं फोन उचलला, तसं रवीनं तिचं मनगट धरलं.

"थांब. काय सांगशील तिले? ती संस्थेले सांगन. नंबर आईले माहीत होता म्हणून तुयी नोकरी जाईन, अन् आईवर केस होईन. जरा विचार कर."

आणि सुचितानं विचार केला. शरमेची गोष्ट आहे, पण केला. फोन चोरीला गेला म्हणावं का? नंबर कुणीतरी चोरून पाहिला म्हणावं का? आईंचं नाव कसं वगळावं? गोजरबाईंनी चहा आणून दिला, तो तिनं घेतलासुद्धा. कप खाली ठेवताना तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. दीड वाजायला तीन मिनिटं होती. तिला स्वतःची किळस आली. तिनं रवीला ढकललं आणि अपेक्षाचा नंबर लावला.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. मागे कुणीतरी दार बडवत होतं.

"ताई, बाबा आलेत." अपेक्षा इतकी हळू बोलत होती की सुचितानं फोन कानाशी घट्ट दाबला. "जीप आत्ताच थांबली खाली. पोलिसाइले पाठवा ना, ताई."

"पाठवते. आत्ता पाठवते. मागून निघता येते का तुले?"

"मागच्या जिन्यात काकाचा संदीपदादा उभा हाये. दहा मिनिटं आधी समजलं असतं तं गेली असती मी." दार करकरलं. "तुमाले आत्ताच समजलं का, ताई?"

"हो," सुचिता म्हणाली.